लहान पुरवठादाराचे पैसे नीतिमत्तेने कसे थकवावेत

कंपनीची सूत्रं नुकतीच हाती आली असतील, तर अभिनंदन. आता तुम्हाला नैतिक निर्णय घ्यावे लागतील, असं कुणीतरी घाबरवेल. मनावर घेऊ नका. नीट व्यवस्था लावली की निर्णय घ्यायची पाळीच येत नाही. सरावासाठी सोपं प्रकरण घेऊ: भोसरीतल्या किंवा नाशिकच्या अंबडमधल्या एखाद्या वर्कशॉपवाल्याचं १० लाखांचं बिल.

कायदा आडवा येईल. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज झालं २०.२५ टक्के. आकडा भीतीदायक आहे, पण मागणाऱ्याला पुढची ऑर्डर हवी असते, त्यामुळे तो मागतच नाही. तेव्हा पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, बिनधास्त '९० दिवस' छापा. ही अट कायद्यापुढे टिकत नाही. पुरवठादारापुढे टिकते, आणि तुमचा रोजचा संबंध त्याच्याशी.

खरी कारागिरी स्टोअरमध्ये आहे. दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून, आणि माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत गेली नाही, तर तो पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो. म्हणून माल सोमवारी उतरवून घ्या, मंगळवारी लाइनवर चढवा, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, मात्र 'क्यूसी होल्ड'वर (दर्जा तपासणीसाठी अडकवून) ठेवा. बाराव्या दिवशी एक मेल टाका: 'बोअरमध्ये बर (छिद्रात धातूची कूस) आढळला, तपासणी चालू आहे.' हरकत लेखी झाली! शंभरातले दोन नग लाल टॅग लावून रॅकवर ठेवा, पुरावा लागतो. बाकीचे ९८ तोवर गाड्यांमध्ये बसून गिऱ्हाइकाकडे गेलेले असले तरी चालेल. मग बिलातून ३ टक्के कापणारी डेबिट नोट काढा. पुरवठादार ती मुकाट्याने मान्य करतो, कारण हुज्जत घातली तर उरलेले ९७ टक्केही होल्डवर जातात हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

दरम्यान त्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८० हजार, त्याने ओव्हरड्राफ्टमधून भरलेला असतो. तुम्ही त्याचंच इनपुट क्रेडिट (आपल्या जीएसटीतून वजावट) घेऊन मोकळे. फक्त १८० दिवसांची मर्यादा सांभाळा. त्यानंतर क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. १७५व्या दिवशी पैसे सोडा आणि फोनवर 'तुमच्या अडचणीचा विचार करून' असं आवर्जून सांगा.

तोवरच्या फोनसाठी अकाउंट्सच्या पोरांना तीन वाक्यं पाठ करून द्या. 'बिल सॅपमध्ये (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) पार्क झालंय.' 'पेमेंट रन १० आणि २५ तारखेला असतो, तुमचं २६ला आलं.' 'साहेब दौऱ्यावर आहेत.' तिन्ही वाक्यांत कुणी नकार दिलेला नाही, हे लक्षात घ्या.

मार्च जरा त्रासाचा. आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) आर्थिक वर्ष २०२३-२४पासून मुदतीबाहेर थकवलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून वजा मिळत नाही. यावर पैसे देणं हा एक उपाय आहे, पण तो शेवटचा. त्याआधी ३० मार्चला कागदोपत्री माल परत करून एप्रिलमध्ये नवं बिल मागवून पाहा. माल जागचा हलत नाही, ऑडिटर तेवढा समजूतदार हवा. किंवा 'उद्यम नोंदणी रद्द करता का?' असं चहा पाजून विचारा; लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद ती हीच. मध्यम उद्योग आणि निव्वळ व्यापारी या कलमात येत नाहीत, तेव्हा लहान कारखानदार सोडून त्यांच्याकडे वळलात तर त्याला 'व्हेंडर रॅशनलायझेशन' म्हणा.

उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर बिलं वटवण्याच्या ट्रेड्स मंचावर जरूर नोंदणी करा. नोंदणी सक्तीची आहे, तिथे बिल मंजूर करणं नाही.

वार्षिक अहवालात थकीत रकमेचा तपशील द्यावा लागतो. त्यासाठी 'कंपनीकडे उपलब्ध माहितीनुसार' हे शब्द सोन्याच्या मोलाचे. पुरवठादाराकडे उद्यम प्रमाणपत्र मागूच नका, म्हणजे माहिती उपलब्ध होत नाही आणि रकाना शून्य राहतो.

इतकं करूनही एखादा थकबाकीच्या सरकारी तक्रार पोर्टलवर गेलाच, तर जरा जपून. तक्रार ऐकणाऱ्या सरकारी परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, तो काळ तुमचाच. पण निकाल विरोधात गेला, तर कोर्टात आव्हान द्यायला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. इथे मात्र व्यवस्थेचा इलाज चालत नाही. म्हणून तक्रार पोचताच त्याला स्वतः फोन करा, 'आपले इतके जुने संबंध' म्हणा, मूळ मुद्दल देऊ करा आणि व्याज सोडल्याचं पत्र घ्या. पुढच्या तिमाहीत त्याचं व्हेंडर रेटिंग आपोआप खाली येईल.

वर्षअखेरीला व्हेंडर मीट ठेवा. 'विश्वासू भागीदार' म्हणून दहा जणांना ट्रॉफ्या द्या. ट्रॉफ्या करून देणारा मात्र व्यापारीच आहे, कारखानदार नाही, याची आधी खात्री करून घ्या.