करंट गेला की आहे, ते कालनिर्णय बघून ठरवा

अमेरिकेत विमान उडवायला शिकलेल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पोरांच्या व्हॉट्सअॅपवर सध्या एक संदेश फिरतोय. मला चौघांनी पाठवला. विषय इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना फक्त यंत्रांवर विमान उडवायच्या परवानगीचा. अॅप्रोच म्हणजे तसंच यंत्रांवर धावपट्टीकडे उतरत येणं, आणि हा सराव ताजा असला की पायलट ‘करंट’. मजकूर असा: ‘अमेरिकन इन्स्ट्रुमेंट रेटिंग १८० दिवसांत मरतं. त्याआधी सहा अॅप्रोच खऱ्या ढगात, इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून, लँडिंगसह करा. नाहीतर परीक्षा पहिल्यापासून.’ दरडावून लिहिलंय, म्हणून खरं वाटतं. त्यातला ‘सहा’ तेवढा बरोबर आहे.

आधी ते १८० दिवस. अमेरिकन विमान नियम ६१.५७ मध्ये या कामासाठी दिवस मोजलेलेच नाहीत. ज्या महिन्यात उडायचं, त्याच्या मागचे सहा कॅलेंडर महिने बघायचे. वेंगुर्ल्याच्या घरी स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलंय, त्यावर बोट ठेवून मी मावसभावाला दाखवलं. त्याचे सहा अॅप्रोच ३ जानेवारीचे. जुलैत उडायचं तर मागचे सहा महिने जानेवारी ते जून, आणि ३ तारीख त्यात बसते. म्हणजे अॅप्रोचच्या हिशेबाने ३१ जुलैपर्यंत तो करंट. १८० दिवस मोजणारा २ जुलैलाच हातपाय गाळून बसला असता. १ ऑगस्टला मात्र करंट गेला.

(हे ऐकून काकूने पडवीतून विचारलं, ‘करंट गेलो काय रे?’ बाहेर पाऊस कोसळत होता, तिचा प्रश्न रास्तच.)

गेला म्हणजे रेटिंग मेलं असं नाही. परवान्यावर ते असतंच, फक्त आयएफआरखाली, म्हणजे यंत्रांवर उडायच्या नियमांखाली, पायलट-इन-कमांड (विमानाचा जबाबदार पायलट) होता येत नाही. पुढचे सहा महिने, म्हणजे ३१ जानेवारीपर्यंत, राहिलेलं काम स्वच्छ हवेत सेफ्टी पायलट (शेजारी बसून बाहेर नजर ठेवणारा दुसरा पायलट) घेऊन पुरं करता येतं. तेही हुकलं तर १ फेब्रुवारीपासून प्रोफिशिएन्सी चेक, म्हणजे कौशल्याची चाचणी, द्यावी लागते. ती इन्स्ट्रुमेंट शिकवणारा इन्स्ट्रक्टरही घेऊ शकतो आणि तिला लेखी पेपर नाही. ‘परीक्षा पहिल्यापासून’ हे कुठून आलं, देव जाणे.

खरा ढग हवाच, हेही खोटं. तसा ढग जुलैत चिपीच्या विमानतळाच्या सड्यावर टेकलेला दिसेल, पण नियमाला हूड चालतो. डोळ्यांपुढे झडप, बाहेरचं काही दिसत नाही, समोर फक्त काटे. मात्र शेजारी सेफ्टी पायलट लागतो. तो इन्स्ट्रक्टर असायची गरज नाही. किमान प्रायव्हेट परवाना आणि त्या प्रकारच्या विमानाचं रेटिंग हवं. लोक चुकतात ते पुढे. लॉगबुकात अॅप्रोचचं ठिकाण, प्रकार आणि सेफ्टी पायलटचं नाव लिहावं लागतं. माझ्या वहीची पानं इथल्या दमट हवेने फुगलीत, एका पानावर बुरशीचा हिरवा डाग आहे, आणि त्याच पानावर दोन अॅप्रोचपुढे नावाची जागा कोरी. मीच विसरलो होतो. ते दोन मी धरले नाहीत. मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर तर २०१८ च्या बदलानंतर करंट राहण्यासाठी इन्स्ट्रक्टर लागतच नाही. घरच्या लॅपटॉपवरचा गेम मात्र त्यात धरू नका.

लँडिंगचा घोळ मला समजू शकतो. प्रवासी घेऊन उडायचं तर ९० दिवसांत तीन टेकऑफ, तीन लँडिंग लागतात. दिवस मोजणारा नियम तो. कोणीतरी दोन्हींची खिचडी केली. अॅप्रोच मोजायला चाकं टेकावी लागत नाहीत. अमेरिकन विमान खात्याच्या २०१५ च्या खुलाशाप्रमाणे हूडखाली किमान उंचीपर्यंत उतरायचं. खऱ्या ढगात असाल तर फायनल अॅप्रोच फिक्स (शेवटची उतरण सुरू होते तो बिंदू) ढगातच ओलांडायचा, पुढे ढग फाटला तरी चालतो. तिथून मिस्ड अॅप्रोच केला, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेलात, तरी तो धरला जातो.

आणि हे सगळं अमेरिकन परवान्याचं. भारतीय रेटिंगला अॅप्रोच मोजून भागत नाही, दरवर्षी चेक द्यावी लागते. दोन्ही परवाने असणाऱ्यांनी दोन हिशेब ठेवावेत.

संदेशात जे नाहीच, ते या सगळ्याहून महत्त्वाचं. नियमात सहा अॅप्रोचच्या जोडीला होल्डिंग, म्हणजे ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबणं, आहे, आणि नेव्हिगेशनच्या यंत्रांवर कोर्स पकडून तो धरून ठेवणंही. त्याच सहा महिन्यांत. मावसभाऊ जुलैच्या तारखा मोजून हैराण झाला होता, म्हणून शेवटी त्याचं लॉगबुक मागून घेतलं. सहाही अॅप्रोच नीट नोंदवलेले, ठिकाण, प्रकार, नाव, सगळं जागच्या जागी. होल्डिंगची नोंद डिसेंबरनंतर एकही नव्हती.