‘सगळे प्लग, सगळ्या कॉइल, एकदमच बदला’: या सल्ल्याचं काय करायचं?

जुन्या पिकअप ट्रकबद्दलचा एक मेसेज सध्या खूप फिरतोय. (पिकअप म्हणजे इथे गाडी. ॲक्सिलरेटर दाबल्यावर मिळतो तो पिकअप नव्हे, जरी मेसेज पुढे ढकलणाऱ्यांचा तोही गेलेला असतो.) मजकूर साधारण असा: “इंजिन मिसिंग करायला लागलं की शोधत बसू नका. सगळे स्पार्क प्लग आणि सगळ्या कॉइल एकदम बदला. इरिडियमचेच प्लग घ्या, ताकद वाढते. गॅप कंपनीतूनच सेट होऊन येतो. इंजिन गरम असताना खोला, प्लग सहज सुटतात. आट्यांना अँटी-सीझ लावा आणि दाबून आवळा.”

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याने इंजिन अडखळणं. ते पेटवणारी ठिणगी स्पार्क प्लग पाडतो आणि तिला लागणारं व्होल्टेज कॉइल देते. गॅप म्हणजे प्लगच्या दोन टोकांतलं अंतर, आणि अँटी-सीझ म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण. मेसेजमधलं एक अर्धं वाक्य बरोबर आहे. बाकीच्याचा हिशेब करू. आणि गाडी डिझेल असेल तर तो करायचीही गरज नाही, डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतोच.

“सगळे प्लग एकदम बदला” हे ते बरोबर असलेलं अर्धं वाक्य. सगळे प्लग एकाच दिवशी बसलेले असतात आणि जवळपास सारखेच झिजतात. एक संपला म्हणजे बाकीचेही काठावर आहेत.

कॉइलचं तसं नाही. तिच्यात झिजणारा भागच नाही. बॅटरीच्या १२ व्होल्टवर पहिल्या गुंडाळीत करंट सोडायचा, तो झटकन तोडायचा, आणि दुसऱ्या गुंडाळीत २० ते ४० हजार व्होल्टपर्यंत उसळी घ्यायची, एवढंच तिचं काम. ती मरते ती उष्णतेने, हादऱ्याने, पाण्या-तेलाने किंवा इन्सुलेशन फुटल्याने. आठ सिलिंडरच्या इंजिनात आठातली एक गेली म्हणून उरलेल्या सात जातातच असं नाही.

आणि इन्सुलेशन फुटायला बहुतेक वेळा प्लगच कारण असतो. कॉइल ठिणगी पडायला लागेल तेवढंच व्होल्टेज चढवते. प्लगची टोकं झिजली, गॅप वाढला, की दरवेळी जास्त व्होल्टेज चढवावं लागतं. मग ठिणगी गॅपमधून उडी मारण्याऐवजी प्लगवर बसणाऱ्या रबरी बुटाला भोक पाडून थेट हेडकडे, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या इंजिनाच्या वरच्या धातूच्या भागाकडे पळते. झिजलेल्या प्लगवर कोरी कॉइल बसवली तर तीही त्याच वाटेने जाईल. म्हणून आधी प्लग, मग कॉइलचा विचार.

‘शोधत बसू नका’ या सल्ल्याची तर मला गंमतच वाटते, कारण शोधायला फार तर अर्धा तास लागतो. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी०३०४ म्हणजे चौथ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. चौथ्याची कॉइल दुसऱ्यावर लावा, दुसऱ्याची चौथ्यावर, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०२ आला तर कॉइल खराब. चौथ्यावरच राहिला तर प्लगची अदलाबदल करा. तरीही हलला नाही, तर इंजेक्टर, कॉम्प्रेशन किंवा हवेची गळती बघायची. कॉइलचा दोष नाही. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. गार कॉइल रेझिस्टन्सला पास होते आणि तापून लोडवर आली की दगा देते.

हा धडा मी फुकट शिकलेलो नाही. एका जुन्या व्ही-८ ची कॉइल बदलली, पंधरा दिवसांत तेच मिसिंग परत. शेवटी टॉर्च मारून पाहिलं तर प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात) तेल साचलेलं. व्हॉल्व्ह कव्हरचं सील गळत होतं, आणि मी नवी कॉइल त्याच तेलात बुडवून आलो होतो.

एक सूट देतो. काही इंजिनांत मागच्या कॉइलपर्यंत पोहोचायला इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग) उतरवावा लागतो. तेवढं खोललंच असेल तर तिथल्या सगळ्या कॉइल बदलणं समजू शकतो. पण बिननावाच्या स्वस्त आठ कॉइलपेक्षा मूळच्या चालू सात बऱ्या. आणि डिस्ट्रिब्युटरवाल्या, म्हणजे ठिणगीचं व्होल्टेज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग असलेल्या, गाडीत मुळात एकच कॉइल असते. तिथे कॅप, रोटर आणि प्लगच्या वायरी तपासायच्या.

इरिडियमने ताकद वाढत नाही. हा धातू २,४०० अंश सेल्सिअसच्याही पुढे वितळतो, म्हणून टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं आणि ते खूप टिकतं. फायदा टिकण्याचा. गाडी पळायला लागते ती झिजलेले प्लग निघाले म्हणून; मॅन्युअलमधला साधा निकेलचा प्लगही तेच करतो, फक्त तो लवकर बदलावा लागतो.

गॅप मात्र तपासाच. एकच प्लग अनेक इंजिनांसाठी विकला जातो, आणि डबा वाटेत कुठे आपटला ते कुणी सांगत नाही. वाकवायचं ते फक्त बाहेरचं टोक. इरिडियमच्या मधल्या टोकावर गेज (गॅप मोजायचं माप) टेकवून जोर दिलात तर ते तुटेल.

“गरम असताना खोला” हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य. ॲल्युमिनियम हेडचे आटे तापल्यावर मऊ पडतात आणि प्लगबरोबर सोलून येतात. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, विहिरीत हवा मारून कचरा उडवा, मग पाना लावा. फोर्डच्या २००४ ते २००८ दरम्यानच्या ५.४ लिटर तीन-व्हॉल्व्ह इंजिनांत प्लगचं लांब खालचं टोक कार्बनने हेडमध्ये अडकायचं आणि प्लग दोन तुकड्यांत तुटायचा. तिथे प्लग जरासा सैल करून क्लीनर ओतायचा, मुरू द्यायचा आणि मग पुढे-मागे हलवत काढायचा. घाई केली की तुकडा आत.

अँटी-सीझबद्दल एनजीकेसारख्या प्लग बनवणाऱ्या कंपन्याच नको म्हणतात, कारण आट्यांवर आधीच मुलामा असतो. वर वंगण लावलं की टॉर्क रेंचवर (किती जोराने आवळतोय ते दाखवणाऱ्या पान्यावर) तोच आकडा दिसूनही प्लग जास्त आवळला जातो. “दाबून” हे माप नव्हे. टॉर्क रेंच नसेल तर वॉशर असलेला नवा १४ मिमीचा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवा, पुढे अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला फेऱ्याचा सोळावा भाग पुरतो.

आणि काढलेले प्लग लगेच फेकू नका. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून सिलिंडरच्या नंबराप्रमाणे उभे करा. एकच प्लग तेलकट काळा असेल तर त्या सिलिंडरमध्ये तेल उतरतंय. एखाद्याच्या पांढऱ्या सिरॅमिकवर केसासारखी काळी उभी रेघ दिसली, तर ठिणगी तिथूनच बाहेर पळत होती. त्या प्लगबरोबर त्याचा बूटही बदला.