नाना, ‘मास्तरीण’ ही काय शिवी आहे?

नाना, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा डोकं तापलं, म्हणून दुसऱ्यांदा चहा झाल्यावर वाचली. तुमचं म्हणणं असं, की सुलभा देशपांडेंवरच्या माझ्या लेखात शाळा आणि बालनाट्यच पानभर आहे, विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातली बेणारे मात्र चार ओळींत उरकली. एवढ्या मोठ्या नटीची मी ‘पार मास्तरीण करून टाकली’. शिवाय सालही चुकवलं.

सालाचं आधी. चूक माझीच. ‘आविष्कार’ ही त्यांची नाट्यसंस्था निघाली 1971 ला. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात तिचे प्रयोग सुरू झाले ते 1974 पासून. मी दोन्ही गोष्टी एकाच सालात कोंबल्या होत्या. दुरुस्त केलंय.

आता मास्तरीण. अहो, त्या होत्याच मास्तरीण! त्याच छबिलदास शाळेत शिकवत होत्या. आणि बेणारे कोण? तीही शाळेतली बाईच. मुंबईची हौशी मंडळी एका गावात प्रयोगाला येतात, वेळ जावा म्हणून खोटा खटला मांडतात आणि बेणारेबाईंना आरोपी करतात. आरोप काय, तर भ्रूणहत्या. चेष्टा करता करता बाईंचं खरं आयुष्य चव्हाट्यावर येतं, नोकरी जायची वेळ येते, आणि शेवटी निकाल लागतो तो त्यांच्या पोटातल्या जिवाचा. 1967 मध्ये ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनं राज्य नाट्यस्पर्धेत हे नाटक केलं, तेव्हा बेणारे सुलभाताईंची होती. तिचं शेवटचं लांबलचक स्वगत तेंडुलकरांकडून तालमींच्या काळात दिग्दर्शक अरविंद देशपांड्यांनी, म्हणजे सुलभाताईंच्या यजमानांनी, हट्टानं लिहून घेतलेलं. पुढे सत्यदेव दुबेंच्या 1971 च्या चित्रपटातही बेणारे त्याच.

वर्गासमोर रोज उभं राहणारी बाई आणि शाळेतली नोकरी जाणार म्हणून आतून तुटणारी बेणारे, या दोघींना वेगळं काढायचं कसं, ते तुम्हीच सांगा. मला तरी जमत नाही. नाटकाच्या शेवटी त्या गावातला सामंत तो कापडी हिरवा पोपट बेणारेजवळ हळूच ठेवून जातो ना, तिथे मला दरवेळी रिकामा वर्ग दिसतो. मीही मास्तरीण, त्यामुळे असेल.

बरं, शिकवणं म्हणजे काही त्यांचं उरलंसुरलं काम नव्हतं. ‘आविष्कार’च्या ‘चंद्रशाला’ या बालनाट्य विभागात त्यांनी मुलांना उभं केलं. ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य 1982 चं. जानेवारी 1987 मध्ये अरविंदराव गेले, तरी हे काम थांबलं नाही. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्याच वर्षीचा. सिनेमांची यादी मी मुद्दाम दिली नव्हती, ती कुठेही सापडते. तरी ‘भूमिका’, ‘जैत रे जैत’ आणि 2012 चा ‘इंग्लिश विंग्लिश’ एवढी नावं तुमच्यासाठी घालते. 4 जून 2016 ला त्या गेल्या.

तुमचा शेवटचा टोला मात्र मला लागला. ‘मुंबईच्या बाईचं खान्देशात काय?’ म्हणे! ऐका. दर रविवारी मी एका शाळेच्या हॉलमध्ये पोरांचा नाटकाचा वर्ग घेते. अर्ध्या हॉलमध्ये पोषण आहाराच्या तांदळाची पोती असतात, उरलेल्यात आम्ही. गेल्या महिन्यात सातवीतल्या एका पोरीला हरवलेला बैल शोधायचा प्रसंग दिला. ‘माझा बैल पाहिलात का?’ हे वाक्य तिनं धडा वाचावा तसं म्हटलं, हात मांडीला चिकटलेले. म्हटलं, घरी बोलतेस तसं बोल गं. क्षणभर थांबली. मग पोत्यांच्या मागे वाकून बघितलं, ओढणी कमरेला खोचली आणि माझ्याकडे न बघताच घरच्या अहिराणीत म्हणाली, ‘मन्हा बैल दखा का?’ आवाज इतका खाली गेला होता, की मागची दोन पोरं खरंच दाराबाहेर बघायला लागली.

तुम्ही ज्याला पोरखेळ म्हणता, तो हा.

बेणारेवर स्वतंत्र लेख लिहीन, ते कबूल. पण त्याआधी एका रविवारी धुळ्याहून इकडे या, सकाळी दहाला. वेळेवर या बरं का. उशिरा येणाऱ्याला पोरी दारातच उभं करतात, आणि वयाचा मान वगैरे त्यांना कळत नाही.