‘चार महिने औषध घ्या’ एवढ्यावर का भागत नाही

नमस्कार. पुरुषांमधल्या वंध्यत्वावरच्या लेखाखाली तुम्ही वेळ काढून लिहिलंत, तेव्हा दोन ओळींत आटोपत नाही. तुमचं म्हणणं असं: कुणी नावंही न ऐकलेल्या आजारांची जंत्री देऊन मी लोकांना घाबरवलं, खरं कारण तंबाखू, टेन्शन आणि बैठं काम, तुमच्या चुलतभावाचा शुक्राणूंचा काउंट 8 मिलियन होता तो चूर्ण घेऊन चार महिन्यांत 30 वर गेला, कुणाला घाई असेल तर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन आहेच, आणि रिपोर्ट शून्य आला तर आजाराचं नाव कळून उपयोग काय?

आधी चुलतभावाचं बघू. पहिली तपासणी डेंग्यूतून उठल्यावर महिनाभरात झाली, असं तुम्हीच लिहिलंय. मग कोडं कसलं? शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, पुढे बाहेर पडेपर्यंत आणखी काही. तापाने जे बिघडलं ते पुढचे दोन-तीन महिने नमुन्यात दिसत राहतं आणि मग आकडा आपला आपण सावरतो. चूर्ण घेतलं नसतं तरी बहुधा सावरला असता. शिवाय तपासणीआधी 2 ते 7 दिवस वीर्यस्खलन टाळायचं असतं, ते पाळलं नाही किंवा सुरुवातीचा भाग डबीबाहेर सांडला, तरी रिपोर्ट बदलतो. म्हणून आम्ही काही आठवड्यांच्या अंतराने दुसरा नमुना मागतो. लॅबचा धंदा व्हावा म्हणून नव्हे.

तंबाखूवर वाद नाही, सोडायलाच हवी. पण दुरुस्त करता येण्यासारख्या कारणांत सर्वांत जास्त आढळतो तो व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं. एरवीच्या पुरुषांत तो साधारण 15 टक्क्यांना असतो, मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांत 35 ते 40 टक्क्यांना. बहुतेक वेळा डावीकडे, कारण डावी शीर सरळ वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. पेशंटला उभं करून जोर द्यायला सांगितला की तो हाताला लागतो, झोपवून तपासला तर हुकू शकतो. तो दिसला म्हणून प्रत्येकाचं ऑपरेशन करायचं असंही नाही. आणि बऱ्याच जणांत, सगळं तपासूनही, कारण सापडत नाही. तिथे माझ्याकडेही अंदाजाच्या गोळ्यांपलीकडे फारसं नसतं.

दुर्मिळ कारणांवर मी एवढं लिहिलं ते याचसाठी. त्यातल्या काहींना अगदी नेमकं उत्तर आहे. कालमन सिंड्रोम हा जन्मजात आजार घ्या. पंचविशी आली तरी दाढी-मिशी नीट नाही, वृषणं लहान, आणि गॅसवर दूध करपलं तरी याला पत्ता नाही, कारण वासच येत नाही. दोष वृषणात नसतो, मेंदूकडून येणारे हार्मोनचे संदेश पोचत नसतात. एचसीजी आणि एफएसएच (वृषणांना चालना देणारे हार्मोन) यांची इंजेक्शनं महिनोन्महिने, कधी वर्ष-दोन वर्षं द्यावी लागतात, पण शून्याच्या रिपोर्टात शुक्राणू दिसायला लागतात आणि अनेकांना नैसर्गिकरीत्या मूल होतं. ‘तुम्हाला वास येतो का?’ हा प्रश्न फुकटातला आहे. विचारतं कोण?

आता शून्याबद्दल. काउंटच्या आधीच्या ओळी वाचा. वीर्य अर्धा-पाऊण मिली, पीएच 7 च्या खाली, फ्रुक्टोज (वीर्यातली साखर) निगेटिव्ह, असं असेल तर हात लावून तपासल्याशिवाय गोळी लिहू नये. वीर्यवाहिनी, म्हणजे वृषणाकडून शुक्राणू वर नेणारी नळी, चिमटीत धरली की सुतळीसारखी कडक लागते. काही पुरुषांत ती दोन्ही बाजूंना लागतच नाही, कारण जन्मतःच नसते. वृषणात शुक्राणू मात्र व्यवस्थित बनत असतात. ते सुईने काढून इक्सी (एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणं) करता येतं, हे तंत्र 1992 पासून आहे. पण त्याआधी नवरा-बायको दोघांची सीएफटीआर जनुकाची तपासणी हवी (बहुधा याच जनुकातल्या दोषाने ही नळी बनत नाही), नाहीतर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसं आणि पचन बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा धोका राहतो. नाव कळून काय उपयोग, ते हे.

वाय गुणसूत्राच्या तपासणीचंही तसंच. शुक्राणू बनवण्यासाठी लागणारे एझेडएफए, बी आणि सी असे तीन तुकडे त्यावर असतात. एझेडएफए किंवा एझेडएफबी हा तुकडा पूर्ण गळलेला असेल तर वृषणातून शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते, म्हणजे ऑपरेशनचा खर्च आणि त्रास टळतो. एझेडएफसी गळलेला असेल तर मिळू शकतात, पण मुलगा झाला तर तो दोष त्याच्याकडे जाणार, हे आधी सांगावं लागतं. आणि क्लाइनफेल्टर सिंड्रोम (पुरुषात एक जादा एक्स गुणसूत्र, म्हणजे एक्सएक्सवाय) तर साधारण 600 पुरुषांत एकाला असतो. याला दुर्मिळ म्हणावं का, मला शंकाच आहे.

राहिलं ते इंजेक्शन. ती एक ओळ प्रतिक्रियेतून काढा, अशी विनंती. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच हे वृषणांना चालना देणारे हार्मोन सोडणं थांबवते आणि काउंट पार शून्यावर येऊ शकतो. पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने नेमक्या याच इंजेक्शनच्या चाचण्या घेतल्या होत्या. जिममध्ये हे घेणारे आमच्याकडे येतात तेव्हा शरीर कमावलेलं असतं आणि वृषणं आक्रसलेली. बंद केल्यावर बहुतेकांचं सुधारतं, पण महिने जातात, क्वचित वर्षाहून जास्त. तुमच्या ओळखीत कुणी घेत असेल तर डॉक्टरांना विचारून थांबवायला सांगा आणि तीन महिन्यांनी काउंट करायला लावा. ओळ तुम्ही काढली नाहीत तर तिच्याखाली मला टीप टाकावी लागेल.