फोन करायला बाहेर गेलेला माणूस

माझं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं. त्यामुळे 2022 च्या ऑगस्टमध्ये केनियाच्या निवडणूक आयोगाने प्रत्येक मतदान केंद्राचा निकालाचा कागद जसाच्या तसा इंटरनेटवर टाकलाय असं कळल्यावर मला राहवलं नाही. 46,229 केंद्रं. कुणीही यावं, फॉर्म 34ए उघडावा आणि बेरीज करावी! रात्री जेवणं झाल्यावर मी तेच करत बसायचे. मुलगा विचारायचा, तुझा काय संबंध? संबंध काहीच नाही. पण कुणाच्या तरी हस्ताक्षरातली तेरीज समोर आली की मला ती पडताळून बघावीच लागते.

तो कागद अगदी साधा असतो. राष्ट्राध्यक्षपदाच्या चार उमेदवारांची नावं आणि त्यांच्यापुढे हाताने लिहिलेले आकडे. खाली नोंदणीकृत मतदार, बाद मतं, पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या, सही नाकारली असेल तर कारण लिहायची जागा, आणि केंद्राध्यक्षाची सही. फोटो मतदान केंद्रावरच्याच यंत्राने काढलेला, म्हणून कुठे कागद तिरका, कुठे कोपऱ्यावर सावली. काहींचे आकडे छापल्यासारखे सुबक, तर काहींचे रात्रभर जागलेल्या माणसाने घाईत ओढलेले. अशा सह्या बघून मला माणसं दिसायला लागतात, ही माझी जुनी खोड.

त्या याद्या चाळत असतानाच डॅनियल मुस्योका यांची बातमी वाचली.

मुस्योका हे नैरोबीतल्या एम्बाकासी ईस्ट मतदारसंघाचे निवडणूक निर्णय अधिकारी. मतदान 9 ऑगस्टला झालं. 11 तारखेच्या सकाळी ते अंगरक्षकाबरोबर मोजणीच्या जागी, ईस्ट आफ्रिकन स्कूल ऑफ एव्हिएशनमध्ये आले. पावणेदहाच्या सुमारास फोन करायला म्हणून सहकाऱ्यांना सांगून बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. 15 तारखेला दोनशे किलोमीटरच्या वर लांब, टांझानियाच्या सीमेकडे, किलिमांजारोच्या पायथ्याशी लोइटोकिटोक भागात त्यांचा मृतदेह सापडला. अंगावर छळाच्या खुणा होत्या.

त्याच दिवशी नैरोबीत, जिथे देशभरातले आकडे एकत्र होत होते त्या बोमास सभागृहात, आयोगाचे अध्यक्ष वाफुला चेबुकाती यांनी राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल जाहीर केला. विल्यम रुटो 50.49 टक्के, रायला ओडिंगा 48.85 टक्के. (ओडिंगा म्हणजे 2025 च्या ऑक्टोबरमध्ये केरळात उपचारांसाठी आले असताना वारले, तेच.) निकालाआधी व्यासपीठावर धक्काबुक्की झाली आणि सातपैकी चार आयुक्तांनी आम्हाला हा निकाल मान्य नाही म्हणून हात वर केले.

दुसऱ्या दिवशी या चौघांनी कारण दिलं, ते ऐकून मी कपाळावर हात मारला. चारही उमेदवारांच्या टक्क्यांची बेरीज 100.01 येते, म्हणजे 0.01 टक्का मतं जास्त आहेत, आणि हा 0.01 टक्का म्हणजे जवळपास 1 लाख 42 हजार मतं, असं त्यांचं म्हणणं. अहो, एक कोटी बेचाळीस लाखांचा 0.01 टक्का म्हणजे सुमारे चौदाशे वीस! आणि तेवढीसुद्धा जास्त नव्हती. चार आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित केले की बेरीज एखाद्या शतांशाने इकडेतिकडे जाते. हिशेबतपासणी शिकणारा पहिल्या वर्षाचा पोरगासुद्धा यावर शेरा मारणार नाही. पण अख्ख्या जगाने तो 0.01 उचलला, त्यावर चर्चा झाल्या, आलेख निघाले. आणि ज्या माणसाच्या सहीने त्यातले काही आकडे पुढे जायचे होते तो शवागारात होता.

माझा राग आहे तो इथे. दशांशाला आपण चार दिवस देतो आणि माणसाची बातमी एका परिच्छेदात संपते.

मुस्योकांना कुणी मारलं ते मी सांगणार नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. बातमी आल्यावर दोन्ही बाजूंचे लोक मात्र मारेकऱ्याचं नाव ठरवून मोकळे झाले होते. रुटोवाल्यांच्या मते ओडिंगावाले, ओडिंगावाल्यांच्या मते रुटोवाले. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. खून म्हणजे निकाल खोटा, असंही मी म्हणत नाही. 5 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल कायम ठेवला, सर्व्हर हॅक झाल्याचे आरोप फेटाळले. मी जेवढे कागद पडताळले त्यांच्या बेरजा जुळल्या. माझी पडताळणी म्हणजे समुद्रातली ओंजळ, ते सोडा. मुद्दा असा की आकडे खरे निघाले म्हणून आकड्यांवर बसलेल्या माणसाचा मृत्यू किरकोळ ठरत नाही.

आणि ही पहिली वेळ नव्हती.

2017 च्या निवडणुकीत आयोगाच्या संगणक विभागाची धुरा ख्रिस मसांडो यांच्याकडे होती. बोटांचे ठसे घेऊन मतदार ओळखणारी आणि निकाल पाठवणारी ती सगळी यंत्रणा त्यांच्या हाताखाली. टीव्हीवर येऊन ते लोकांना ती समजावून सांगत, आता मेलेले लोक मतदानाला उठून येणार नाहीत, असं छातीठोकपणे म्हणत. 31 जुलैला यंत्रणेची जाहीर चाचणी होती. 28 च्या रात्री ते बेपत्ता झाले, 29 ला नैरोबीबाहेर मृतदेह सापडला आणि चाचणीच्याच दिवशी ओळख पटली. छळ करून मारल्याचं खुद्द आयोगाच्या अध्यक्षांनी सांगितलं. अमेरिका आणि ब्रिटनने तपासात मदत देऊ केली, ती घेतली गेली नाही. आजतागायत कुणाला शिक्षा नाही.

पुढे 8 ऑगस्टला मतदान झालं, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा जिंकल्याचं जाहीर झालं आणि 1 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी निवडणूकच रद्द केली. निकाल पाठवण्याची प्रक्रियाच सदोष, असं न्यायालयाचं म्हणणं. सर्व्हर बघायला द्या या आदेशाचं आयोगाने नीट पालन केलं नव्हतं. बघा, ज्या यंत्रणेवरून हे सगळं फिस्कटलं, ती ज्याला आतून-बाहेरून ठाऊक होती तो माणूस साक्ष द्यायला नव्हता. फेरमतदानाच्या आधी रोझलिन अकोम्बे या आयुक्त न्यूयॉर्कला निघून गेल्या आणि तिथून राजीनामा दिला, जिवाची भीती वाटते म्हणाल्या. मतदानाच्या दोन दिवस आधी उपमुख्य न्यायाधीशांच्या ताफ्यातल्या चालकावर गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी एका महत्त्वाच्या अर्जाची सुनावणी होती, पण पुरेसे न्यायाधीशच हजर नव्हते.

आता एक गोष्ट, जिच्यावर मी बराच विचार केलाय. केनियातल्या जाणकारांचा जुना संशय असा की घोळ मुख्यालयात होतो, खालून आलेला आकडा वर गेल्यावर बदलतो. 2007 ची निवडणूक आठवा. निकालानंतरच्या हिंसाचारात हजाराहून जास्त माणसं मेली, लाखो बेघर झाली, आणि खुद्द आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले की राष्ट्राध्यक्ष किबाकी जिंकले की नाही मला माहीत नाही. म्हणून लोक न्यायालयात गेले, आणि 2017 च्या जूनमध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की मतदारसंघात जाहीर झालेला आकडा अंतिम, मुख्यालयाला त्यात हात घालता येणार नाही. निकाल शंभर टक्के बरोबर. मी तिथे असते तर टाळ्या वाजवल्या असत्या.

पण ताण कुठे सरकला? नैरोबीच्या एका सभागृहातून 290 मतदारसंघांतल्या 290 अधिकाऱ्यांच्या डोक्यावर. सभागृहाला पहारा असतो, कॅमेरे असतात, परदेशी निरीक्षक असतात. मतदारसंघातल्या अधिकाऱ्याकडे एखादा अंगरक्षक असतो, आणि तोही फोन करायला उठताना बरोबर असेलच असं नाही. सहीचं वजन वाढवलं, सही करणाऱ्याचं संरक्षण त्या मापात वाढवलं नाही.

माझ्या मते फॉर्म 34ए उघड्यावर टाकणं हेच या लोकांचं सगळ्यात चांगलं चिलखत आहे. केंद्रावरचा आकडा एकदा हजारो लोकांच्या फोनमध्ये उतरला की अधिकाऱ्याला धमकावून काय मिळणार? मग तरीही मुस्योका का मारले गेले, असं कुणी विचारेल. राष्ट्राध्यक्षपदाचे कागद जगाला दिसत होते, पण त्याच अधिकाऱ्याच्या हातात खासदारकीची मोजणीही असते, आणि त्या कागदांवर एवढे डोळे नसतात. त्यांच्या बाबतीत तेच कारण होतं असा माझा दावा नाही. पण तपासाने कुठून सुरुवात करायची असं मला कुणी विचारलं असतं, तर मी शेवटचा कॉल कुणाचा ते बघितलं असतं आणि टेबलावर कुठला कागद अर्धवट राहिला होता ते.

हिशेब तपासताना ज्या मुद्द्याचा खुलासा येत नाही, तो आम्ही पुढच्या वर्षीच्या अहवालात पुन्हा घेतो, शब्दही न बदलता. मसांडो यांचा मुद्दा 2017 चा. पाच वर्षांनी तोच पुन्हा घ्यावा लागला, नाव बदलून. केनियात पुढची निवडणूक 2027 च्या ऑगस्टमध्ये आहे.