वय झालं होतं, म्हणून?

आत्या गेली. भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने आधी वय विचारलं. मी आकडा सांगितला की समोरच्याचा चेहरा सैल व्हायचा. "मग ठीक आहे, भरपूर जगल्या." "हातीपायी धड असताना गेल्या, सुटल्या." कुणाच्या मनात वाईट नव्हतं, कळतं मला. अशा वेळी काय बोलावं हे कुणालाच सुचत नाही, मलाही सुचलं नसतं. पण त्या दिवसांत लक्षात आलं, की नव्वदीच्या घरातल्या माणसासाठी किती रडायचं याचा एक अलिखित कोटा आहे. आणि ते माणूस आई किंवा वडील नसेल, तर तो निम्म्यावर येतो. रजेच्या अर्जावर 'आत्या' वाचून साहेबांनी विचारलं, "सख्खी का?" हो म्हटलं. तरी चेहऱ्यावर हिशोब चालूच होता.

केनेथ डोका नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखाबद्दल लिहिलं. काही दुःखं अशी असतात की ती उघडपणे व्यक्त करायचा हक्कच माणसाला मिळत नाही, कारण ते नातं किंवा ते जाणं लोकांच्या लेखी तेवढं मोठं नसतं. म्हातारं माणूस जाणं हे यात अगदी चपखल बसतं, असं माझं मत आहे. ते अपेक्षितच होतं ना, मग एवढं काय? अहो, अपेक्षित होतं म्हणून कमी दुखतं हे कुणी ठरवलं? उलट ती माझ्या आयुष्यात माझ्या जन्मापासून होती. तिच्याशिवायचं जग मी कधी पाहिलेलंच नाही.

आणि एक गोष्ट तर मला नंतर सुचली. बहुतेकांना आपली सगळ्यात जुनी आठवण असते ती साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली. त्याआधीचं जवळपास काहीच मोठेपणी आठवत नाही. म्हणजे माझी पहिली तीन वर्षं माझ्याकडे नाहीतच, ती होती आत्याकडे. मी उशिरा बोलायला लागलो, आणि बोलायला लागल्यावर थांबलोच नाही, हे तिच्याकडून ऐकलेलं. मी कुणाला घाबरायचो, कुणाच्या कडेवर जायला नकार द्यायचो, हेही तिचंच. बाबांच्या लहानपणाचं तर काही बोलायलाच नको. ते लहान असताना त्यांना पाहिलेलं शेवटचं माणूस तीच. आता बाबा काहीही सांगू शकतात, "खोटं बोलतोस" म्हणणारं कुणी उरलं नाही. बाबा हे हसत म्हणाले, पण नंतर बराच वेळ गप्प होते.

नातेवाइकांच्या ग्रुपवर तिच्यासाठी आलेल्या संदेशांत तिला 'मायेचा सागर' म्हटलंय. सागर? आत्या? ती फोनवर "बोल" म्हणून सुरुवात करायची आणि तिचं सांगून झालं की निरोप न घेता ठेवून द्यायची. कॉलेजात असताना मी तिला एक लांबलचक पत्र लिहिलं होतं, मन वगैरे मोकळं करून. उत्तर म्हणून माझंच पत्र परत आलं, लाल पेनाने शुद्धलेखन तपासलेलं. खाली एक ओळ: "मजकूर बरा आहे. ये." त्या 'ये'साठी मी गेलो, आणि तिने मला दोन दिवस काहीही न विचारता राहू दिलं. माया होती, भरपूर होती. पण ती अशी होती. तिचा खडूसपणा वजा केला तर उरते ती कुणाचीही आत्या, माझी नाही. लोक मेलेल्या माणसाला इतकं गुळगुळीत का करतात, मला खरंच कळत नाही.

एका मित्राने काळजीपोटी दुःखाच्या पाच टप्प्यांचा तक्ता पाठवला. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. तू आता कुठे आहेस, असा प्रश्न. आता, एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली हे टप्पे मांडले ते मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहणाऱ्यांना ते नंतर लावले गेले. आणि सगळे जण त्याच क्रमाने त्यातून जातात, असंही काही नाही. मी एकाच दुपारी तिच्यावर चिडतो, हसतो आणि कामाला लागतो. याला कुठला टप्पा म्हणायचं?

त्यापेक्षा १९९६ साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या तिघा अभ्यासकांनी मांडलेलं मला जवळचं वाटतं. गेलेल्या माणसाशी नातं तोडून पुढे जायलाच हवं असं नाही, ते वेगळ्या रूपात चालू राहू शकतं, आणि त्यात आजारपण काही नाही. माझं चालूच आहे. ही पोस्ट लिहितानाही दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतलं.

चुलतबहिणीशी मात्र भांडण झालंय. तिचं म्हणणं, लाल पेनाचं ते पत्र तिचं होतं, माझं नव्हे, आणि खाली "ये" नव्हतं, "येऊ नकोस, मीच येते" होतं. दोघांनाही आलं असेल, असं बाबा म्हणतात. तिला किंवा मला ते मान्य नाही. पत्र दोघांकडेही सापडत नाही, शोध चालू आहे.