रोमला जाणाऱ्यांच्या फोनवर फिरणारा निरोप आणि त्याचे मुद्देवार उत्तर

युरोपच्या सहलींचा हंगाम जवळ आला की रोमला निघालेल्या मराठी मंडळींच्या फोनवर एक निरोप हमखास येऊन पडतो. पाठवणाऱ्यागणिक शब्द थोडे बदलतात, पण आशय तोच असतो. हॉटेलच्या बिलात ‘कोपेर्तो’ दिसला तर पैसे देऊ नका, ती लुबाडणूक आहे. कॉफीचा भाव स्थानिकांना एक आणि परक्यांना दुसरा असतो. पाणी विकतच घ्यावे लागते. शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होते, तेव्हा सगळे खाणे घरून न्या आणि ‘स्पॅनिश पायऱ्या’ या प्रसिद्ध जिन्यावर बसून खा. तिकिटे आधी काढू नका, ती दारात मिळतात. चर्च आणि पँथिऑन हे प्राचीन देऊळ तर फुकटच आहेत. आणि शेवटी, रोम एका दिवसात उरकते. मी आईला घेऊन रोममध्ये आठ दिवस राहिले तेव्हा या निरोपाचा कागद तिच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेला होता. तो काळजीपोटीच लिहिला गेला असेल. परंतु त्यातील बहुतेक सूचना चुकीच्या आहेत आणि काही तर प्रवाशाचे सरळ नुकसान करतात, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

कोपेर्तो म्हणजे टेबलावर बसणाऱ्या प्रत्येक माणसामागे घेतला जाणारा ठरावीक आकार. इटलीत ही जुनी रीत आहे, आणि हा आकार मेनूवर छापलेला असला पाहिजे असा नियम आहे. फ्लोरेन्सला किंवा व्हेनिसला मेनूच्या तळाशी ती ओळ दिसत असताना बिलाच्या वेळी वाद घालणे म्हणजे आपणच मान्य केलेली रक्कम नाकारणे होय. रोमची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती निरोप लिहिणाऱ्याला ठाऊक नसावी. रोम ज्या लात्सिओ प्रांतात येते, त्या प्रांताने २००६ च्या कायद्याने कोपेर्तो घेण्यास मनाई केली आहे. त्यामुळे रोममध्ये बिलावर बहुधा ‘पाने’, म्हणजे पाव, अशी ओळ असते. पाव नको असेल तर टोपली टेबलावर येताच नम्रपणे परत द्यावी. तिला हात लावल्यावर मग पैसे नाकारू नयेत. ‘सेर्वित्सिओ’, म्हणजे सेवा, या नावाने टक्केवारी लावायची असेल तर तीही मेनूवर आधी लिहिलेली असावी लागते. थोडक्यात, भांडण बिलावर करण्याऐवजी बसण्यापूर्वी मेनूचे शेवटचे पान वाचावे. बक्षिसी देण्याची सक्ती कुठेच नाही.

कॉफीच्या दोन भावांचा मुद्दा पटकन निकालात काढता येतो. इटलीत ‘बार’ म्हणजे मुख्यतः कॉफीचे दुकान, आणि तिथे खरोखरच दोन भाव असतात, पण ते माणसाच्या देशावर ठरत नाहीत. काउंटरपाशी उभ्याने पिण्याचा भाव एक आणि टेबलावर बसून पिण्याचा दुसरा. एका गजबजलेल्या चौकात आम्ही खुर्चीवर बसून दोन कपुचिनो घेतल्या आणि उभ्याने लागले असते त्याच्या तिपटीहून जास्त पैसे मोजले. दोन्ही दर गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलेले होते. मी ते पाहिले नव्हते. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवून कॉफी मागायची अशी पद्धत आहे, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

पाणी विकत घ्यावे लागते, हे तर रोमविषयी करता येण्याजोगे सर्वांत चुकीचे विधान आहे. या शहराच्या रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे सुमारे २,५०० सार्वजनिक नळ आहेत. बिडाचा कमरेइतका उंच खांब आणि त्यातून बाहेर आलेली वाकडी तोटी, म्हणून रोमन लोक त्याला ‘नासोने’, म्हणजे मोठे नाक, म्हणतात. पहिले नळ १८७४ मध्ये बसवले गेले. पाणी अखंड वाहत असते, थंड असते आणि पिण्यास योग्य असते. तोटीच्या वरच्या अंगाला एक लहानसे भोक असते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की त्या भोकातून पाण्याची कमान वर उसळते आणि बाटलीशिवायही पिता येते. आईला हे एका शाळकरी मुलाने करून दाखवले. तिने पदर सावरला, तोटी दाबली, आणि पहिली धार थेट तिच्या चष्म्यावर आली. दुसऱ्या वेळी मात्र तिने नीट पाणी प्यायले, आणि उरलेले सगळे दिवस ती प्रत्येक नासोनेपाशी थांबली. निरोपात एवढेच खरे आहे की जेवायला बसल्यावर पाण्याची बाटली बहुधा विकतच येते. तेव्हा ‘नातुराले’ म्हणजे साधे आणि ‘फ्रिझान्ते’ म्हणजे बुडबुड्यांचे, हा फरक सांगावा लागतो.

आता उपासमारीचा मुद्दा. तो सर्वांत जास्त घाबरवतो, आणि त्यातली खरी खबरदारी निरोपात आलेलीच नाही, म्हणून इथे थोडे थांबते. रोमच्या स्वयंपाकात भाजीला मानाचे स्थान आहे. हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत आर्टिचोकचा, म्हणजे जाड पाकळ्यांच्या कळीसारख्या दिसणाऱ्या भाजीचा, हंगाम असतो. जुन्या ज्यू वस्तीत, जिथे १५५५ पासून ज्यूंना भिंतींच्या आत कोंडून ठेवले गेले होते, तिथे ‘कार्चोफी आल्ला जुदिया’ मिळतो. अख्खा आर्टिचोक तेलात दोनदा तळतात. दुसऱ्या तळणीत त्याच्या पाकळ्या फुलासारख्या उमलतात आणि कांदाभज्याच्या कडेसारख्या कुरकुरीत होतात, आतला गाभा मात्र मऊ राहतो. पुदिना आणि लसूण घालून शिजवलेला ‘आल्ला रोमाना’ हा दुसरा प्रकार. ‘चिकोरिया रिपास्साता’ म्हणजे कडसर पालेभाजी उकडून लसूण आणि लाल मिरचीवर परतलेली, पहिल्या घासाला आई म्हणाली, “ही तर आपली परतलेली भाजीच.” पिझ्झा वजनावर कापून विकणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत, आणि आपल्याला हवा तेवढा तुकडा बोटाने दाखवून मागता येतो.

निरोप म्हणतो, ‘पेपेरोनी’ लिहिलेला पिझ्झा घेऊ नका, ते मांस असते. अमेरिकी पद्धतीच्या दुकानात हे खरे आहे. इटालियन भाषेत मात्र पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची, म्हणजे ही सूचना शाकाहारी माणसाला शाकाहारी पिझ्झापासूनच दूर ठेवते. ‘मारिनारा’ या नावात समुद्र असला तरी त्या पिझ्झ्यात मासा नसतो. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल, एवढेच असते, चीजही नसते.

खरी खबरदारी दोन ठिकाणी घ्यावी लागते. पहिली म्हणजे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण ऐकणारा मासा वगळेलच असे नाही. भोपळ्याच्या फुलांची भजी दिसायला आपल्या घरच्यासारखीच, पण आत मोझ्झारेलाबरोबर खारवलेला लहान मासा असतो. ‘पुंतारेल्ले’ नावाच्या कोशिंबिरीच्या रसातही तोच असतो. ‘सुप्ली’ नावाच्या भाताच्या तळलेल्या गोळ्यात बहुधा खिम्याचा रस्सा मिसळलेला असतो. म्हणून ‘ने कार्ने, ने पेश्शे’, म्हणजे मांस नाही आणि मासाही नाही, असे म्हणावे, आणि मेनूवर गुआंचाले, पांचेत्ता, प्रोशुत्तो, स्पेक, आलीची, अच्चुगे आणि तोन्नो हे शब्द ओळखायला शिकावे. पहिले चार डुकराच्या मांसाचे आहेत, उरलेले माशांचे.

दुसरी गोष्ट चीजची आहे आणि ती कोणी सांगत नाही. ‘काचो ए पेपे’ हा चीज आणि काळ्या मिरीचा पास्ता शाकाहारी म्हणून सगळीकडे सुचवला जातो. त्यातले पेकोरीनो रोमानो हे चीज करताना दूध ज्या रेनेट नावाच्या पदार्थाने साकळवतात ते कोकराच्या जठरातून काढलेले असते, आणि पार्मेझानचे वासराच्या जठरातून. अनेक शाकाहारी मंडळींना हे चालते, काहींना अजिबात चालत नाही. हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा आहे, पण माहिती मिळाल्यानंतर घ्यायचा आहे. आईला मी हे पहिल्याच संध्याकाळी सांगितले. तिने चीज वर्ज्य केले, आणि तरीही आठ दिवसांत ती एकदाही उपाशी झोपली नाही.

घरून सगळे खाणे न्या, ही सूचना कस्टमच्या दारातच अडखळते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी आणि पनीर हे सगळे त्यात येते. चिवडा, चकली आणि मेतकूट जरूर न्यावे. डाळ-तांदूळ आणि मसाला कमी पडला तर मुख्य स्टेशनाजवळ एस्क्विलिनोच्या मंडईत भारतीय आणि बांगलादेशी दुकानदारांकडे तो मिळतो. मात्र डबा स्पॅनिश पायऱ्यांवर उघडू नये. २०१९ पासून त्या पायऱ्यांवर नुसते बसण्यासही मनाई आहे आणि दंड ४०० युरोपर्यंत होऊ शकतो.

तिकिटांची सूचना वेळेचे सर्वांत जास्त नुकसान करते. कोलोसियमचे तिकीट अधिकृत संकेतस्थळावर काढले तर कोणाचेही कमिशन द्यावे लागत नाही. त्याच तिकिटात शेजारचा फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा चौक, आणि पॅलाटाइन टेकडीही येते. २०२३ पासून तिकिटावर प्रवेश करणाऱ्याचे नाव असते, म्हणून नाव पासपोर्टप्रमाणेच भरावे आणि पासपोर्ट जवळ ठेवावा. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये असल्याने इथे गोंधळ होतो. पँथिऑनही आता फुकट नाही. जुलै २०२३ मध्ये तिथे ५ युरोंचे तिकीट सुरू झाले. ते देण्यात मला काही वावगे वाटत नाही. जवळपास १,९०० वर्षे उभ्या असलेल्या, ४३ मीटर व्यासाच्या त्या घुमटाखाली उभे राहून वरच्या उघड्या वर्तुळातून सरकणारा उन्हाचा तुकडा पाहणे याची किंमत त्याहून कितीतरी जास्त आहे. बोर्गेझे संग्रहालयात आधी वेळ ठरवल्याशिवाय प्रवेशच नाही, आणि दोन तासांनी बाहेर पडावे लागते.

एका दिवसात रोम उरकते, या दाव्याला वेळापत्रकच उत्तर देते. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. बोर्गेझे सोमवारी बंद असते. तिथल्या सेंट पीटर्स या मोठ्या चर्चमध्ये प्रवेश विनामूल्य आहे, पण तपासणीची रांग असते आणि खांदे-गुडघे झाकलेले असावे लागतात. साडी आणि सलवार-कमीज यांना तिथे अडचण येत नाही. सिस्टिन चॅपेल हे सेंट पीटर्सच्या आत नसून संग्रहालयांच्या तिकिटात आहे, हे कळेपर्यंत अनेकांचा अर्धा दिवस गेलेला असतो. आणि बहुतेक लहान चर्च दुपारी काही तास बंद होतात, नेमक्या त्या वेळी ज्या वेळी निरोपाचे वेळापत्रक प्रवाशाला ‘फुकट चर्च’ पाहायला पाठवते.

या घाईत काय हुकते ते एका उदाहरणाने सांगते. सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये डावीकडच्या शेवटच्या चॅपेलमध्ये, म्हणजे लहान प्रार्थनाकक्षात, काराव्हाज्जो या चित्रकाराने १५९९ ते १६०२ या काळात रंगवलेली संत मॅथ्यूची तीन चित्रे आहेत. चॅपेल अंधारे असते. शेजारच्या पेटीत नाणे टाकले की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. डाव्या भिंतीवरच्या चित्रात करवसुली करणारा मॅथ्यू टेबलापाशी पैसे मोजणाऱ्या मंडळींत बसला आहे, आणि उजवीकडून आलेल्या ख्रिस्ताने त्याला बोलावण्यासाठी हात पुढे केला आहे. चित्रातला उजेड त्या हाताच्या वरून तिरका आत येतो, आणि चॅपेलची खरी खिडकीही त्याच बाजूला, वेदीच्या वर आहे. दिवा विझल्यावर आई पाच मिनिटे तशीच उभी राहिली, आणि डोळे सरावल्यावर खिडकीच्या उजेडातच तिला टेबलावरचा एकेक चेहरा दिसू लागला. हे चर्च पँथिऑन आणि पिआत्सा नव्होना यांच्या मधल्या गल्लीत आहे. सकाळी जावे आणि जवळ सुटी नाणी ठेवावीत.